सायप्रसमध्ये पक्षी पाहायचे तर आधी पाणी शोधा

पुण्याहून येणारे मित्र पहिल्याच दिवशी विचारतात, “फ्लेमिंगो कुठे?” ते हिवाळ्यात लार्नाकाच्या खाऱ्या तळ्यावर रस्त्यावरूनच दिसतात, त्यात मी काय सांगणार! पण एप्रिलचा पहिला पंधरवडा मोकळा असेल तर गाडी घ्या (इथेही डावीकडूनच चालवतात) आणि पाफोसजवळचं आस्प्रोक्रेमॉस धरण गाठा.

भिंतीवर उभं राहून खोल पाण्यावर दुर्बीण फिरवत बसू नका. उजनीला करतो तेच करायचं, फुगवट्याच्या शेपटाकडे जायचं. नाता गावाच्या बाजूला पाणी ओसरलं की चिखलाची पट्टी उघडी पडते. तुतवार, शेकाटे, धोबी, बगळे तिथेच उतरतात. धरणांच्या साठ्याचे आकडे सरकारी जलविकास खातं नेटवर देतं, निघण्याआधी बघून घ्या. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर चिखल नाही. शेतकऱ्याचं वाईट वर्ष ते आपलं चांगलं, असा हा मामला.

मग पाण्याकडे पाठ करून उतारावरची झुडपं बघा. सायप्रस वटवट्या जगात फक्त याच बेटावर वीण करतो. नराचं डोकं काळं, गालाखाली पांढरी मिशी, आणि छातीपोटावर काळे ठिपके. ते ठिपके दिसल्याशिवाय नाव लिहू नका, कारण त्याच झुडपांत सार्डिनियन वटवट्याही असतो आणि त्याचं पोट साधं राखाडी. इथेच वीण करणारा दुसरा पक्षी म्हणजे सायप्रसचा रणगोजा. तो तारेवर उघडा बसतो आणि रातकिड्यासारखा किरकिरतो, त्यामुळे सोपा.

उन्हाळ्यात थेट त्रोओदोसला चढा. माथा १९५२ मीटर, काळ्या पाइनचं जंगल. इथे मोठं धरण नाही, पण सहलीच्या जागांवर गळके नळ असतात! वाकड्या चोचीचा क्रॉसबिल पाइनच्या कोरड्या बिया खातो, म्हणून त्याला सारखं पाणी लागतं. नळापासून थोडं लांब, सावलीत, ऊन तापेपर्यंत गप्प बसा. ‘जे’ (Jay) आणि कोल टिट हे पक्षीही येतात, दोघांच्याही खास इथल्याच उपजाती. रविवार टाळा, सगळं गाव सुवला (सळईवरचं मांस) भाजायला आलेलं असतं.

नोव्हेंबर-डिसेंबरात बुधवारी-रविवारी शिकारीला परवानगी असते, त्या दिवशी रानात शिरू नका. आणि शरदात झुडपांत चिकट काड्या दिसल्या (हा चिक पूर्वापार भोकराचा, ज्याचं आपण लोणचं घालतो), तर तो बेकायदा सापळा आहे. सापळा लावणाऱ्याशी वाद घालू नका. जागा नोंदवा, तिथून निघा आणि ११२ ला फोन करा.