जर्मनीत शिकायला आलात? आधी टपालपेटीवर नाव लावा

मी आखेनमध्ये राहते. बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेला चिकटलेलं, इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी गजबजलेलं हे शहर. दर ऑक्टोबरच्या तोंडावर पुणे, नाशिक, संभाजीनगरहून नवी मुलं येतात आणि जवळजवळ सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं: पत्ता. इथे बँक, विमा, व्हिसा सगळं पत्त्यावर टांगलेलं असतं. म्हणून कामं पुढच्या क्रमाने करा.

निघण्यापूर्वी

आईला आधीच सांगून ठेवा की तूप, पेढे आणि कढीपत्ता देऊ नकोस. युरोपियन युनियनबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, आणि ताज्या पानांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. विमानतळावर आजीच्या हातचं तूप टाकून द्यावं लागलं की फार वाईट वाटतं. गोडा मसाला, मेतकूट, चटण्या खुशाल आणा. प्रवेशपत्र, पदवीचे मूळ कागद, जन्मदाखला आणि पासपोर्ट मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.

१. खोली ठरवताना

विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज प्रवेश मिळाल्याच दिवशी करा, कारण यादी लांब असते. खोली न दाखवता, करार न करता कोणी आगाऊ पैसे मागत असेल तर तो व्यवहार सोडून द्या. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या ‘काल्टमीटं’इतकं, म्हणजे हीटिंग वगैरे खर्च वगळून जे मूळ भाडं असतं त्याच्या तिप्पट, घेता येतं. आणि एक प्रश्न आवर्जून विचारा: “या पत्त्यावर नोंदणी करता येईल ना?” उत्तर नाही असेल तर खोली कितीही स्वस्त असली तरी ती उपयोगाची नाही.

२. टपालपेटी

आपल्याकडे फ्लॅट नंबर लिहिला की पत्र पोचतं, आणि नाहीच पोचलं तर पोस्टमनकाका शेजारी चौकशी करतात. इथे बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचतो, ते सापडलं नाही तर पत्र परत जातं. माझं बँकेचं कार्ड असंच परत गेलं होतं. तीन आठवडे मी मैत्रिणीकडून उसने पैसे घेऊन काढले, आणि कारण काय, तर पेटीवर फक्त आधीच्या भाडेकरूचं नाव होतं.

म्हणून किल्ली हातात आली की त्याच दिवशी, पासपोर्टवर जसं आडनाव आहे तसंच, कागदाच्या पट्टीवर ठळक लिहून पेटीवर आणि बेलवर लावा. आपल्या पासपोर्टात नावापुढे बऱ्याचदा वडिलांचं नाव असतं, तेव्हा करार, बँक, विमा सगळीकडे नाव एकसारखं लिहा. कुणाकडे तात्पुरते राहत असाल तर पत्त्यात ‘बाय’ (bei, म्हणजे ‘यांच्याकडे’) लिहून घरवाल्याचं आडनाव टाका.

३. आनमेल्डुंग

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी करायची. पासपोर्ट आणि घरमालकाने सही केलेलं ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ लागतं. शब्द लांबलचक आहे, पण कागद साधा आहे: ही व्यक्ती अमुक तारखेपासून इथे राहते, एवढंच. नुसत्या भाडेकरारावर काम होत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अपॉइंटमेंट पटकन मिळत नाही, त्यामुळे शक्य असेल तिथे ती भारतातूनच ऑनलाइन घ्या.

नोंदणीनंतर काही आठवड्यांत ११ आकडी कर क्रमांक पोस्टाने येतो. पार्ट-टाइम नोकरीत तो मागतात, जपून ठेवा. रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्रही येतं: घरामागे महिना १८.३६ युरो. ते जाहिरात समजून फेकू नका. एका घरात चौघे राहत असाल तर एकानेच भरायचं आणि वाटून घ्यायचं.

४. पैसे आणि विमा

श्पेरकोन्टोत, म्हणजे व्हिसासाठी उघडलेल्या बंदिस्त खात्यात, तुम्ही वर्षाचे ११,९०४ युरो भरलेले असले तरी हातात महिन्याला ९९२ च येतात, तेही इथलं चालू खातं उघडल्यावर. तोवर डिपॉझिट आणि पहिलं भाडं भागेल इतके पैसे वेगळे आणा. तिशीच्या आतले असाल तर सरकारी आरोग्य विम्याचा विद्यार्थी दर मिळतो. प्रवास विम्यावर विद्यापीठात नाव दाखल होत नाही.

५. व्हिसा

स्टिकरवरची शेवटची तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाका. ती उलटण्यापूर्वी परदेशी नागरिक कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज गेला पाहिजे. अर्ज वेळेत गेला असेल तर निर्णय होईपर्यंत तुमचं राहणं कायदेशीर असतं, आणि त्याचा तात्पुरता दाखला मागून घ्या.

६. घरात

फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार बंद करा आणि खिडकी सताड उघडा. छतावरच्या पांढऱ्या डबीला, म्हणजे स्मोक अलार्मला, मोहरी तडतडल्याचा धूरसुद्धा पुरतो. थंडीतही दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या उघडाव्या लागतात, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. रात्री दहानंतर मिक्सर लावू नका.

रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून वाणसामान शनिवारी भरा. मसूर डाळ कुठल्याही सुपरमार्केटमध्ये ‘रोटं लिन्झन’ नावाने मिळते. कोथिंबीर आणि भेंडी तुर्की दुकानात बघा. पोळ्यांसाठी मैद्यासारखं ४०५ नंबरचं पीठ नको, १०५० नंबरचं घ्या, कणकेच्या जवळ जातं. पाणी थोडं जास्त लागतं, आणि कणीक अर्धा तास झाकून ठेवली तर पोळी मऊ राहते.