कार्यक्रम उद्या आणि तुम्ही आजारी: मंडळाचं काम कसं सोपवाल?

जायचं की नाही, ते आदल्या संध्याकाळीच ठरवा. ताप असेल तर विषय संपला. ‘पॅरासिटामॉल घे आणि तासभर येऊन जा’ हा सल्ला देणाऱ्या बऱ्याच भेटतील, ऐकू नका. गोळीने चार-सहा तास ताप उतरतो, संसर्ग जात नाही. गोळी न घेता सलग 24 तास ताप आला नाही आणि बाकी त्रासही कमी होत असेल, तरच बाहेर पडा. उलट्या-जुलाब असतील तर ते थांबल्यावरही 48 तास घरीच राहा आणि तोवर दुसऱ्यांसाठी काही रांधू नका. पोटाच्या काही विषाणूंपुढे सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण-पाणीच लागतं. मंडळात वयस्कर बायका असतात, एखादी गरोदर असते; त्यांना हे दुखणं महागात पडू शकतं.

आता खरी अडचण: काम सोपवणं. इथेच बहुतेक जणी घोळ घालतात. ग्रुपवर ‘मला बरं नाही, कुणीतरी बघून घ्या’ असं टाकलं की पाच मिनिटांत ‘काळजी घे’चे पंचवीस मेसेज येतात, तुमचा मेसेज वर सरकतो आणि काम कुणीच घेत नाही. ‘बघते, सकाळी बरं वाटलं तर येते’ हे तर त्याहून वाईट. तुमच्या जागी कुणी उभंही राहत नाही आणि तुम्हीही येत नाही.

म्हणून आधी एकीलाच फोन करा. ती स्पष्ट ‘हो’ म्हणाली की तिला एकाच मेसेजमध्ये सगळं लिहून पाठवा: काय झालंय, काय राहिलंय, सामान नेमकं कुठे आहे, कुणाला किती पैसे द्यायचेत. ‘सामान घरी आहे’ एवढ्यावर भागत नाही. असं लिहा: ‘खेळाच्या चिठ्ठ्या निळ्या पिशवीत, बक्षिसं खोक्यात, दोन्ही दाराशी ठेवलंय. सभागृहाची पावती चिठ्ठ्यांखाली. माईकवाल्याला निम्मे दिलेत, उरलेले कार्यक्रमानंतर.’ माईकवाल्याचा नंबर सोबत जोडा आणि त्यालाही कळवा की उद्या फोन दुसरीचा येईल. हे हमखास राहतं, मग तो ऐनवेळी तुम्हालाच फोन लावत बसतो.

जमा झालेली वर्गणी त्याच रात्री यादीसकट खजिनदाराकडे पोचवा. ताप असेल तर घरातल्या कुणाच्या हाती.

ग्रुपवर शेवटी दोनच ओळी: तुम्ही येत नाही आणि काम कुणाकडे आहे. दुखण्याचं वर्णन नको. आधीच्या एक-दोन दिवसांत तयारीसाठी एकत्र बसला असाल तर मात्र लक्षणं सांगा. फ्लू लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासूनही पसरू शकतो.

सकाळी अगदी ठणठणीत वाटलं आणि वरचे 24 किंवा 48 तास भरले असतील, तर खुशाल जा, पण पाहुणी म्हणून. सोपवलेलं काम परत मागू नका.