ओल चढण्याआधी ग्रो रूम लावून घ्या

कोरडा उन्हाळा सरतो, हवेत ओल चढू लागते आणि महिनाभर छान चाललेल्या हायड्रोपोनिक, म्हणजे मातीऐवजी खतपाण्यावर पीक घेणाऱ्या, खोलीत कुरबुरी सुरू होतात. लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांची टोके करपतात, पाइपांवर शेवाळाची बुळबुळीत साय धरते, पहाटे दार उघडले की भिंतींना घाम फुटलेला दिसतो. खोली बंद असली तरी बाहेरचा ऋतू हवेतून आणि पाण्यातून आत येतोच. नवी खोली लावत असाल तर ती ओल यायच्या आधीच लावा. जुनी असेल तर दोन पिकांमधल्या रिकाम्या दिवसांत तिची तपासणी उरकून घ्या.

रोपे आणण्यापूर्वी खोली दोन दिवस रिकामी चालवावी. दिवे, पंखे, पंप सगळे ठरलेल्या वेळापत्रकाने चालू ठेवा आणि कमाल-किमान नोंद ठेवणारा तापमान-आर्द्रता मापक रोपांच्या उंचीवर, दिव्याचा थेट झोत न लागेल असा टांगा. भिंतीवर लावलेला मापक भिंतीचीच हकीकत सांगतो. दिवा एलईडी असला तरी त्याने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होऊन उरते. १,००० वॅटचे दिवे म्हणजे तासाला सुमारे ३,४०० बीटीयू (उष्णता मोजायचे एकक), आणि एक टनाचा एसी तासाला १२,००० बीटीयू ओढतो. पंप, पंखे आणि भिंतींतून झिरपणारी उष्णता या हिशेबात वेगळी धरावी लागते.

उष्णतेचा हिशेब बहुतेक जण करतात. ओलीचा मात्र कोणी करत नाही, आणि या हंगामात खोली तिथेच फसते. खतपाण्याच्या टाकीतून रोज कमी होणारे पाणी जाते कुठे? रोपे त्यातला अगदी थोडा भाग स्वतःत ठेवतात, बाकी सगळे पानांतून हवेत सोडतात. टाकी दिवसाला दहा लिटरने उतरत असेल तर जवळपास तेवढेच पाणी खोलीच्या हवेतून रोज बाहेर काढायला हवे. कोरड्या दिवसांत हे काम एक्झॉस्ट फॅन फुकटात करतो. बाहेरचीच हवा ओली झाली की तोच फॅन ओल आत ओढू लागतो. तेव्हा हवेतली ओल काढणारा डीह्युमिडिफायर लागतो. तो घेताना खोक्यावरचा आकडा जसाच्या तसा धरू नका, कारण तो बहुधा गरम आणि फार दमट हवेत मोजलेला असतो. तुमच्या थंड खोलीत तेच यंत्र बरेच कमी पाणी काढेल, शिवाय स्वतःची उष्णताही खोलीत सोडेल.

एसी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. कॉम्प्रेसर चालू असतो तेवढ्याच वेळात एसी हवा सुकवतो. गरजेपेक्षा मोठा एसी बसवला तर तो खोली झटकन थंड करून थांबतो; खोली गार होते, पण ओल तशीच राहते. खरी परीक्षा दिवे बंद झाल्यावर असते. उष्णता नाही म्हणून एसी थांबतो, तापमान घसरते आणि आर्द्रता चढते. २५ अंश सेल्सिअस आणि ७० टक्के आर्द्रतेची हवा सुमारे १९ अंशांपर्यंत निवली की दव पडते, आणि खोलीतला सगळ्यात थंड पृष्ठभाग त्या तापमानाला हवेच्या आधीच पोहोचतो. म्हणून दिवसाची सरासरी पाहून समाधान मानू नका. रात्रीची कमाल आर्द्रता पाहा. फिरते पंखे रात्रीही बंद करायचे नाहीत. डीह्युमिडिफायरला त्याचा स्वतंत्र आर्द्रता-नियंत्रक द्या.

पिकाला नुसत्या टक्क्यांपेक्षा हवेची तहान जास्त जाणवते. २४ अंशांना ७० टक्के आर्द्रता असेल तर ही तहान, म्हणजे बाष्पदाब तूट, सुमारे ०.९ किलोपास्कल असते. पालेभाज्यांना ती चांगली मानवते. त्याच तापमानाला आर्द्रता ८५ टक्के झाली की तूट निम्म्यावर येते. रोप पाणी कमी ओढते, आणि पाण्याबरोबर वर जाणारे कॅल्शियम आतल्या कोवळ्या पानांपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. टोके करपण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते. अशा वेळी टाकीत आणखी कॅल्शियम ओतणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि लेप दुसरीकडे. वरून खाली, गड्ड्याच्या मध्यावर हलका वारा जाईल असा पंखा लावा आणि प्रकाश थोडा उतरवा.

प्रकाशाचा हिशेब सोपा आहे. प्रकाशाच्या मीटरवरचा मायक्रोमोलचा (दर चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणाऱ्या प्रकाशाचा) आकडा गुणिले दिव्यांचे तास गुणिले ०.००३६. २५० मायक्रोमोल आणि १६ तास म्हणजे दिवसाला १४.४ मोल, लेट्यूससाठी पुरेसे. १७ मोलांच्या वर गेलात तर वाऱ्याशिवाय टोके करपण्याचा धोका वाढतो. बाहेर उकाडा असेल तर दिव्यांचा 'दिवस' रात्री ठेवा. एसीवरचा भार हलका होतो.

आता टाकी. द्रावण १८ ते २२ अंशांत ठेवायचा प्रयत्न करा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच, आणि नेमके तेव्हाच मुळांना तो जास्त लागतो. कोमट पाण्यात मूळकूज करणारे पिथियम झपाट्याने पसरते. पांढरी मुळे तपकिरी, बुळबुळीत होऊन वरचे आवरण हातात निसटू लागले की समजावे. टाकी जमिनीवर सावलीत ठेवा, झाकण घट्ट आणि प्रकाश न शिरणारे असू द्या, एअर पंप टाकीच्या पातळीपेक्षा वर टांगा. पंप खाली असेल आणि वीज गेली तर पाणी नळीतून उलटे पंपात शिरते. हे मी वाचून शिकलो नाही, एक पंप घालवून शिकलो.

खते कालवताना कॅल्शियम नायट्रेटचे तीव्र द्रावण सल्फेट-फॉस्फेटच्या तीव्र द्रावणाशी थेट मिसळू नये. तळाला पांढरा गाळ बसतो आणि तो रोपाच्या काही कामाचा नसतो. एक भाग टाकीभर पाण्यात पूर्ण मिसळा, मगच दुसरा घाला. लेट्यूसला १.२ ते १.८ मिलीसीमेन्स ईसी (द्रावणाची विद्युतवाहकता, म्हणजे त्यात खत किती विरघळले आहे त्याचे माप) पुरते, फळावर आलेल्या टोमॅटोला २ ते ३.५. हेच माप पीपीएममध्ये (दशलक्ष भागांत किती भाग) सांगणाऱ्यांना आधी मीटर कोणता ते विचारा. एकाच द्रावणाची १ ईसी एका मीटरवर ५०० दिसते, दुसऱ्यावर ७००.

पाणी उतरले आणि ईसी चढली तर रोपे खतापेक्षा पाणी जास्त पीत आहेत. साधे पाणी घाला, द्रावण पातळ करा. ईसी उतरली तर त्यांना खत हवे आहे. दमट हवेत रोपे कमी पाणी पितात, म्हणून उन्हाळ्यात पातळ केलेले द्रावण आता किंचित वाढवावे लागेल, एका वेळी ०.२ पेक्षा जास्त नको.

पीएच, म्हणजे द्रावणाच्या आम्लतेचे माप, ५.५ ते ६.५ च्या दरम्यान इकडेतिकडे होऊ द्या. तो रोज ५.८ वर आणून ठेवण्याचा हट्ट निष्कारण आहे. नायट्रेट उचलणाऱ्या रोपांमुळे तो हळूहळू चढणारच. मात्र ६.५ च्या वर रेंगाळला तर ईडीटीए या रसायनाने द्रावणात धरून ठेवलेले लोह टिकत नाही आणि नवी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. आम्ल नेहमी पाण्यात घाला, आम्लात पाणी नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. औषध करण्याआधी मीटर ७ आणि ४ च्या बफरमध्ये (पीएच आधीच ठाऊक असलेल्या द्रावणात) तपासा. निम्मे 'पीएचचे रोग' मीटरच्या सुकलेल्या टोकातून आलेले असतात.

खोलीत पाणी आणि वीज शेजारी नांदतात, म्हणून गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. तारांना प्लगच्या आधी खाली झोल द्या, म्हणजे ओघळलेले पाणी तिथेच गळून पडेल. उथळ प्रवाहाच्या पाइपांत मुळांजवळ पाण्याचा साठा जवळजवळ नसतो. तिथे पंप थांबल्यावर फार वेळ हातात नसतो, त्यामुळे राखीव पंप आणि बॅटरी जवळ ठेवा.

काही बिघडलेच तर एका दिवशी एकच गोष्ट बदला आणि वहीत तारीख, पाण्याचे तापमान, ईसी, पीएच, रात्रीची कमाल आर्द्रता लिहा. पालेभाजीवर बदलाचा परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात, आणि तोही नव्या पानांवर. करपलेले जुने पान पुन्हा हिरवे होणार नाही. ते खुडून खोलीबाहेर टाका.