क्रेडिट हिस्टरी नसताना पहिलं कार्ड किंवा कर्ज कसं मंजूर करून घ्यायचं

पहिल्या अर्जाला नकार आला की बहुतेक तरुण त्याच आठवड्यात दुसऱ्या, मग तिसऱ्या बँकेकडे अर्ज टाकतात. गडबड होते ती इथेच. प्रत्येक अर्जामागे बँक तुमचा क्रेडिट रिपोर्ट (तुमची कर्जं, कार्डं आणि त्यांच्या परतफेडीची नोंद, म्हणजेच क्रेडिट हिस्टरी) मागवते आणि त्या चौकशीची नोंद रिपोर्टवर राहते. एकही खातं नाही, पण महिन्याभरात पाच चौकश्या, असा रिपोर्ट कोऱ्या रिपोर्टपेक्षा वाईट. पुढच्या बँकेला त्यात फक्त पैशांची निकड दिसते.

म्हणून अर्जाआधी स्वतःचा रिपोर्ट काढा. स्वतः पाहिल्याने स्कोर (त्या नोंदीवरून काढलेला, तुमच्या परतफेडीचा भरवसा सांगणारा आकडा) कमी होत नाही. सिबिल या भारतातल्या क्रेडिट ब्युरोच्या, म्हणजे असे रिपोर्ट बनवणाऱ्या संस्थेच्या, रिपोर्टवर आकड्याऐवजी ‘एनएच’ (नो हिस्टरी) किंवा उणे 1 दिसलं, तर तो वाईट स्कोर नव्हे, स्कोर काढायला माहितीच नाही एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेतल्या फायको स्कोरसाठी किमान एक खातं सहा महिने जुनं लागतं आणि गेल्या सहा महिन्यांत त्याची काही नोंद झालेली असावी लागते.

कोरा वाटणारा रिपोर्ट कधीकधी कोरा नसतो. शैक्षणिक कर्ज, हप्त्यावर घेतलेला फोन, ‘आत्ता घ्या, नंतर भरा’ असली सोय (जी अनेकदा चक्क कर्जच असते), किंवा नावसाधर्म्यामुळे चिकटलेलं दुसऱ्याचंच खातं त्यात निघतं. चूक असेल तर रिपोर्ट देणाऱ्या संस्थेकडे तक्रार करा. भारतात आणि अमेरिकेत ती निकाली काढायला साधारण 30 दिवसांची मुदत आहे. दुरुस्ती होईपर्यंत अर्ज थांबवा.

पहिला अर्ज जिथे पगार जमा होतो त्याच बँकेत करावा. तिला तुमची आवकजावक आधीच दिसते, त्यामुळे हिस्टरीची उणीव थोडी भरून निघते. फॉर्मवरचं उत्पन्न पगाराच्या स्लिपशी आणि नाव-पत्ता ओळखपत्राशी तंतोतंत जुळू द्या. नुसत्या न जुळण्यावरूनही अर्ज परत येतात. नोकरी नुकतीच बदलली असेल तर दोन-तीन पगार खात्यात पडू द्या.

उत्पन्न कमी किंवा अनियमित असेल, तर ठेवीवर मिळणारं कार्ड हाच सगळ्यात खात्रीचा रस्ता. बँकेत मुदत ठेव किंवा अनामत ठेवायची. लिमिट तिच्याइतकी किंवा थोडी कमी मिळते. तुम्ही पैसे बुडवले तर बँक ठेवीतून वळते करते, म्हणून ती हिस्टरी फारशी बघत नाही. घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: या कार्डाची नोंद क्रेडिट ब्युरोकडे जाते का, आणि ठेव केव्हा मोकळी होते. नोंद जात नसेल तर ते कार्ड या कामासाठी निरुपयोगी. डेबिट आणि प्रीपेड कार्डाने हिस्टरी बनत नाही. घरच्यांच्या कार्डावर अ‍ॅड-ऑन (त्यांच्याच खात्यावरचं तुमच्या नावाचं जादा कार्ड) घेणार असाल, तरी त्याची नोंद तुमच्या नावावर होते का ते बँकेलाच विचारा. सगळीकडे होत नाही.

कार्ड हातात आल्यावर त्यावर एकच ठरलेलं बिल लावा, मोबाइलचं वगैरे. ऑटो-पे ‘पूर्ण रक्कम’ वर ठेवा. अनेकांचं ते ‘किमान रक्कम’ वर राहून जातं. मग उरलेल्यावर व्याज चढतं आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. कार्डावर रोख काढूच नका, तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

वापर लिमिटच्या 30 टक्क्यांच्या आत ठेवा: लिमिट 20,000 असेल तर 6,000. ब्युरोकडे जाणारा आकडा बहुधा बिल तयार होतानाचा असतो. त्यामुळे तुम्ही मुदतीत सगळं भरलं, तरी लिमिट जवळपास संपलेली दिसू शकते. मोठी खरेदी झाली की बिल बनायच्या दोन-तीन दिवस आधीच पैसे भरून टाका. फायकोच्या हिशोबात वेळेवर परतफेडीला 35 टक्के आणि देणं बाकी असलेल्या रकमेला 30 टक्के वजन असतं, म्हणजे जवळपास दोन-तृतीयांश स्कोर एवढ्यातच आला.

सहकर्जदार घेऊन मंजुरी लवकर मिळते, पण एक हप्ता चुकला की त्याचाही रिपोर्ट बिघडतो. शेवटचा पर्याय म्हणूनच वापरा.

नकार आलाच, तर कारण लेखी मागा. भारतात कार्डाचा अर्ज नाकारताना ते कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. ‘हिस्टरी अपुरी’ असेल तर ठेवीवरचं कार्ड घ्या. ‘उत्पन्न अपुरं’ असेल तर कमी लिमिटचं कार्ड मागा. ‘चौकश्या जास्त’ असतील तर सहा महिने कुठेही अर्ज करू नका.

सहा महिने सगळं वेळेवर भरलं की साध्या कार्डासाठी एकच अर्ज करा. ते मिळालं म्हणून पहिलं कार्ड लगेच बंद करू नका: एकूण लिमिट घटते, वापराची टक्केवारी वर जाते. वार्षिक शुल्क बोचत असेल, तर तेच खातं बिनशुल्क प्रकारात बदलून मागा.