सी अर्चिनच्या भ्रूणातलं क्रोमॅटिन आणि पेशींचं नशीब: या चुका टाळा

अटॅक-सीक म्हणजे क्रोमॅटिनमध्ये (डीएनए आणि प्रथिनांच्या गुंडाळीत) कुठले भाग उघडे आहेत ते शोधायची पद्धत. तिचा डेटा विचित्र आला की सगळे आधी सीक्वेन्सिंगला (डीएनए वाचण्याला) शिव्या घालतात, पण सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या बाबतीत घोळ बरेचदा त्याच्या खूप आधी, बीकरमध्येच झालेला असतो.

पहिलं म्हणजे फर्टिलायझेशन नीट बघा. स्पर्म जास्त पडले की पॉलीस्पर्मी होते, मग पहिल्याच विभाजनात दोनऐवजी तीन-चार पेशी दिसतात. अशी भ्रूणं बरीच दिसली तर बॅच सरळ फेकून द्या, पुढे जाऊन सुधारतील वगैरे काही होत नाही. आणि एन्व्हलप (अंड्याभोवती तयार होणारं कवच) काढायचं असेल तर ते कडक होऊ न देणारं पाबा किंवा अमिनोट्रायझोल फर्टिलायझेशनच्या वेळी पाण्यात हवंच, एकदा ते कडक झालं की मग नुसतं हळहळत बसायचं.

तास मोजून सँपल घेऊ नका, स्टेज बघून घ्या. पर्प्युरेटस ही सी अर्चिनची जात १५ डिग्रीला साधारण २४ तासांत मेसेन्काइम ब्लास्टुलाला (सांगाडा बनवणाऱ्या पेशी आतल्या पोकळीत उतरतात त्या स्टेजला) पोचते, लायटेकायनस व्हेरिगेटस ही दुसरी जात, गरम पाण्यातला, तो साधारण निम्म्या वेळात तिथे असतो, त्यामुळे दोघांचा "१२ तासांचा" डेटा शेजारी ठेवून तुलना करण्यात काहीच अर्थ नाही. शिवाय सुरुवातीची विभाजनं जवळपास एकाच तालात चालतात, एस (डीएनएची नक्कल) झालं की लगेच एम (मायटोसिस, म्हणजे विभाजन), मधे फारसा गॅप नाही. म्हणजे थोडा उशीर झाला तरी अर्ध्या पेशी मायटोसिसमध्ये सापडू शकतात आणि आकसलेल्या क्रोमॅटिनला आपण "स्टेजचा फरक" म्हणून मोकळे होतो. ट्यूबमधली चार भ्रूणं रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायला कितीसा वेळ लागतो?

टीएन५ म्हणजे उघड्या जागी डीएनए कापणारं अटॅक-सीकचं एन्झाइम, त्याचं प्रमाण माणसाच्या प्रोटोकॉलमधून जसंच्या तसं उचलू नका. ५०,००० न्यूक्लियस हा आकडा सुमारे ३०० कोटी बेसच्या जीनोमसाठीचा आहे, पर्प्युरेटसचा जीनोम ८० कोटींच्या आसपास. तेवढ्याच न्यूक्लियसना तेवढंच एन्झाइम दिलं की डीएनएचा पार चुरा होतो आणि न्यूक्लिओसोमची (डीएनए गुंडाळलेल्या प्रथिनांच्या रिळांची) लॅडर, म्हणजे ठरावीक लांबीच्या तुकड्यांच्या पट्ट्या, गायब. आणि १६ पेशींच्या स्टेजला ५०,००० न्यूक्लियस म्हणजे तीन हजारांवर भ्रूणं लागतात, हा हिशोब आधीच करून ठेवा. मायटोकॉन्ड्रियाचे रीड्स (वाचलेले डीएनएचे तुकडे) भरपूर येतात, अंड्यात त्यांचा साठाच तेवढा असतो, म्हणून न्यूक्लियस नीट धुऊन घ्या.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. अख्खं भ्रूण वाटून डेटा काढायचा आणि त्यातून पेशींच्या नशिबाबद्दल बोलायचं! १६ पेशींच्या स्टेजला ८ मेसोमिअर (मध्यम पेशी), ४ मॅक्रोमिअर (मोठ्या) आणि फक्त ४ मायक्रोमिअर (लहान) असतात. सांगाडा बनवणारी सगळी गडबड त्या चारांच्या वंशात चालू असते, पीमार१ हा जीन हेससी या जीनला दाबतो, हेससीचा दाब गेला की एएलएक्स१, ईटीएस१, डेल्टा हे जीन चालू होतात. पुढे पर्प्युरेटसच्या मेसेन्काइम ब्लास्टुलात शेकडो पेशींत सांगाड्याच्या पेशी जेमतेम ३२. त्यांच्यापुरतंच उघडलेलं एन्हान्सर (जीन चालू करणारा डीएनएचा तुकडा) अख्ख्या भ्रूणाच्या सरासरीत बुडून जातं आणि आपण लिहून मोकळे, "इथे क्रोमॅटिन बंद आहे". बंद नाहीये हो, दिसत नाहीये. मायक्रोमिअर सुक्रोज ग्रेडियंटवर वेगळे करा, मोठ्या भ्रूणातल्या सांगाड्याच्या पेशी व्हीट जर्म ॲग्लुटिनिन (त्या पेशींना धरून ठेवणारं प्रथिन) लावलेल्या प्लेटवर चिकटवून घ्या, किंवा सिंगल-सेल करा. पण पेशी सुट्या करायच्या कॅल्शियम नसलेल्या पाण्यात त्या तासन्तास ठेवू नका, डेल्टा-नॉचसारखा सिग्नल पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतील तरच जातो.

उलटी चूकही तेवढीच दिसते, पीक (डेटात उघडी जागा दाखवणारा उंचवटा) आलं म्हणजे जीन चालू असं धरायचं. उघड्या जागेवर रिप्रेसरही (जीन दाबणारं प्रथिन) बसलेला असू शकतो. म्हणून आरएनए सोबत बघा आणि ते तुकडे रिपोर्टरला (चमकणाऱ्या प्रथिनाच्या जीनला) जोडून तपासा. इंजेक्ट केलेला डीएनए सगळ्या पेशींत जात नाही, मोझेक होतो, तेव्हा दोन-चार भ्रूणं चमकली नाहीत म्हणून एन्हान्सर निकामी ठरवू नका, भरपूर भ्रूणं मोजा.

बंद क्रोमॅटिन म्हणजे नशिबावर शिक्का, हेही डोक्यातून काढा. एटेन्सोन आणि मॅक्ले यांनी १९८८ मध्ये दाखवलं होतं की गॅस्ट्रुलेशनच्या (भ्रूणाचे थर बनण्याच्या) सुमारास सांगाड्याच्या पेशी काढून टाकल्या तर दुसऱ्या मेसोडर्म (मधल्या थराच्या) पेशी आपला रस्ता सोडून सांगाडा बनवायला लागतात. तेव्हा "ही पेशी आता दुसरं काही होऊच शकत नाही" असं लिहायचं असेल तर नुसत्या पीकवरून नाही, पेशी काढून किंवा हलवून केलेला प्रयोग हवा.

मॅपिंगचा (रीड्स जीनोमवर जुळण्याचा) टक्का कमी आला तर लगेच लायब्ररी परत बनवू नका. पर्प्युरेटसच्या दोन प्राण्यांच्या डीएनएत प्रचंड फरक असतो, आधी अलाइनरची (रीड्स जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरची) मिसमॅचची मर्यादा थोडी सैल करून बघा.