लाइव्ह साउंडच्या कॉम्प्युटरसाठी कार्ड आणि डिस्क घेताना या चुका टाळा

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दुपारची गोष्ट. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या तालमीच्या खोलीत कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडं पडलेलं, आणि माझा सहकारी मॉनिटरकडे बघत म्हणाला, "दादा, कार्डच दिसत नाहीये." आदल्या रात्रीपर्यंत ३२ चॅनेल बिनबोभाट घेणारं मॅडी कार्ड (एकाच केबलवरून अनेक चॅनेल घेणारं साउंड कार्ड) विंडोजच्या यादीतून नाहीसं झालं होतं. कार्ड काढलं, त्याची सोनेरी पट्टी खोडरबरानं पुसली, परत बसवलं. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. दुसऱ्या गरबा ग्रुपमधल्या मित्राचं तसलंच कार्ड मागून आणलं, तर तेही दिसेना. दिवेलागणीला मदरबोर्डचं मॅन्युअल काढलं तेव्हा एका तक्त्याखाली बारीक अक्षरात ओळ सापडली: दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये ड्राइव्ह बसवल्यास खालचा एक्स४ स्लॉट बंद राहील. त्याच सकाळी रेकॉर्डिंगला जागा हवी म्हणून आम्ही तिथे नवी एसएसडी बसवली होती. एसएसडी काढली, कार्ड परत आलं.

बडोद्यात नवरात्रात गरबा लाइव्ह असतो. गायक, ढोल, कीबोर्ड, सोबत क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठोक्यावर) चालणारे आधी रेकॉर्ड केलेले ट्रॅक, आणि समोर मैदानात हजारो लोक एका ठेक्यावर फिरत असतात. ट्रॅक पाव सेकंद अडखळला तरी त्रण ताळीत (तीन टाळ्यांच्या गरब्यात) पडणारी टाळी मैदानभर विस्कटते. म्हणून या कॉम्प्युटरची जुळणी घरच्या कॉम्प्युटरसारखी करून चालत नाही. आम्ही स्वतः केलेल्या आणि इतरांच्या मशीन दुरुस्त करताना पुन्हा पुन्हा पाहिलेल्या चुका इथे लिहितोय.

कार्ड वेगळं, डिस्क वेगळी असं समजणं

ही सगळ्यांत मोठी चूक, म्हणून तिच्यावर जास्त बोलतो.

साउंड कार्ड आणि एनव्हीएमई एसएसडी (थेट बोर्डात बसणारी वेगवान डिस्क) दोन्ही पीसीआय एक्स्प्रेसच्या लेनवरच, म्हणजे माहिती वाहणाऱ्या वाटांवरच, चालतात; एक्स१, एक्स४, एक्स१६ हे या लेनचेच आकडे. प्रोसेसरकडून थेट येणाऱ्या लेन मोजक्या असतात. त्या साधारणपणे वरच्या लांब एक्स१६ स्लॉटला आणि पहिल्या एम.२ स्लॉटला मिळतात. उरलेले स्लॉट, साटा पोर्ट (केबलनं जोडायच्या डिस्कसाठीचे), बहुतेक यूएसबी आणि नेटवर्क चिपसेटमधून, म्हणजे बोर्डावरच्या मदतनीस चिपमधून, जातात, आणि चिपसेटपासून प्रोसेसरपर्यंत एकच सामाईक रस्ता असतो. जुन्या बडोद्यात पाणीगेट, गेंडीगेट, लहेरीपुरा, चांपानेर अशा चारही दरवाज्यांची वाहनं शेवटी मांडवीलाच येऊन मिळतात, तसं. शिवाय चिपसेटकडेही लेन कमीच असल्यामुळे बोर्ड बनवणारे एकच लेन दोन ठिकाणी जोडून ठेवतात: हे वापरा किंवा ते वापरा. एम.२ भरला की कुठे एक्स४ स्लॉट बंद होतो, कुठे दोन साटा पोर्ट मरतात. बोर्डावर तसं काही छापलेलं नसतं आणि स्लॉट दिसायला अगदी ठणठणीत असतो.

तेव्हा दुकानात पैसे मोजण्याआधी त्या मॉडेलच्या मॅन्युअलची पीडीएफ उतरवून घ्या आणि दोनच पानं वाचा: एक्स्पान्शन स्लॉटचं आणि स्टोरेजचं. 'शेअर्स बँडविड्थ विथ' किंवा 'विल बी डिसेबल्ड' हे शब्द जिथे दिसतील तिथे खूण करा. कागदावर आपली कार्डं आणि ड्राइव्ह त्या त्या स्लॉटपुढे लिहून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि सबंध नवरात्र वाचतं.

आमची आताची मांडणी सोपी आहे. लाइव्ह ऑडिओला ग्राफिक्स कार्ड लागत नाही, प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स पुरतं. त्यामुळे वरचा एक्स१६ स्लॉट रिकामा राहतो आणि ऑडिओ कार्ड तिथे जातं. एक्स१ कार्ड लांब स्लॉटमध्ये नीट चालतं, यात जागा वाया गेली असं मानू नका. मात्र इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं. तो थोडा स्वस्त पडतो म्हणून घेतलात तर ग्राफिक्स कार्ड आलंच, आणि आपला चांगला स्लॉट त्यानंच अडवला. त्यावर ग्राफिक्सचे ड्रायव्हर स्वतःच आवाज तुटण्याचं एक नेहमीचं कारण असतात.

जुनं कार्ड नव्या बोर्डात जाईलच असं धरून चालणं

जुन्या बाजारातून पीसीआय कार्ड स्वस्तात मिळतात. एम-ऑडिओचं डेल्टा १०१०एलटी अजून कित्येकांकडे आहे आणि त्याचा आवाज आजही चांगला आहे. पण पीसीआय आणि पीसीआय एक्स्प्रेस हे दोन निराळे स्लॉट आहेत, एकाचं कार्ड दुसऱ्यात बसतच नाही. नव्या बोर्डांवर पीसीआय स्लॉट जवळपास नाहीसाच झालाय. विकणारा नुसतं 'पीसीआय कार्ड' म्हणाला तर फोटो मागवा आणि खालची पट्टी बघा.

ऑफिसातून निघालेले बारीक डेस्कटॉप घेताना कार्डाची उंचीही मोजा. त्यांना कार्डाच्या टोकाला अर्ध्या उंचीची धातूची पट्टी लागते. पूर्ण उंचीचं कार्ड बसवून झाकण उघडं ठेवणारे लोक मी पाहिलेत. मैदानातली धूळ आत गेली की काय होतं ते दसऱ्याला कळतं.

डिस्कच्या वेगामागे धावणं

'सेकंदाला ७,००० एमबी' असं खोक्यावर बघून लोक जास्तीचे पैसे देतात. हिशेब करून बघा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट म्हणजे एका चॅनेलला सेकंदाला १,४४,००० बाइट. ३२ चॅनेलना साधारण ४.६ एमबी. मॅडीचे ६४ चॅनेल भरले तरी ९.२ एमबी. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या वर जाते. पीसीआय एक्स्प्रेसच्या पहिल्या पिढीची एक लेनसुद्धा २५० एमबी वाहते. वेग आपल्याकडे गरजेपेक्षा कितीतरी पट आहे. आपल्याला हवी ती एकसारखी लय. ६४ सॅम्पलचा बफर (एका वेळी हाताळायचा आवाजाचा तुकडा) म्हणजे १.३३ मिलिसेकंद, १२८ चा २.६७. एवढ्या वेळात प्रोसेसरला प्रत्येक वेळी, न चुकता, आवाजाचा पुढचा तुकडा तयार ठेवावा लागतो. खोक्यावरचा सरासरी वेग त्याबद्दल काहीच सांगत नाही.

म्हणून एसएसडी घेताना मी तीन गोष्टी बघतो. पहिली, टीएलसी की क्यूएलसी (चिपच्या एका कप्प्यात तीन बिट साठवणारी की चार). क्यूएलसी ड्राइव्हमध्ये सुरुवातीचा वेगवान कॅशे (तात्पुरती साठवण) भरला की लिहिणं एकदम मंदावतं, आणि ड्राइव्ह भरत जाईल तसा तो कॅशे बऱ्याचदा आणखी लहान होतो. दुसरी, रिकामी जागा. रात्री तीन तास ३२ चॅनेल म्हणजे जवळपास ५० जीबी, नऊ रात्रींचे ४५०. ५०० जीबीची डिस्क पुरेल असं वाटतं, पण विंडोज तिला ४६५ दाखवतं, आणि अष्टमीपर्यंत ती गच्च भरत येते. एक टीबी घ्या, आणि विंडोज, ट्रॅकच्या फाइली व रेकॉर्डिंग एकाच ड्राइव्हवर ठेवू नका. तिसरी, उष्णता. एनव्हीएमई ड्राइव्ह तापला की स्वतःचा वेग उतरवतो. अश्विनातलं बडोदं, स्टेजमागे पत्र्याची खोली, पंखा नाही. अशा ठिकाणी हीटसिंक लावाच. माझ्या मते रेकॉर्डिंगसाठी साधी २.५ इंची साटा एसएसडी हा आजही चांगला सौदा आहे: लेन अडवत नाही, कमी तापते आणि कार्यक्रम संपला की केबल काढून खिशात घालून घरी नेता येते.

एम.२ म्हणजे फक्त स्लॉटचा आकार, हेही लक्षात ठेवा. त्याच आकारात साटा ड्राइव्ह येतात आणि एनव्हीएमईही. नुसत्या एनव्हीएमईसाठी असलेल्या स्लॉटमध्ये साटा ड्राइव्ह बसेल, स्क्रूही लागेल, पण दिसणार नाही. लांबीही बघा. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब, आणि लहान बोर्डावर तेवढी जागा नसते.

फिरती हार्डडिस्क सबवूफरजवळ ठेवायची नाही. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टम्समधले अभियंते ब्रेंडन ग्रेग यांनी हार्डडिस्कच्या कपाटासमोर नुसतं ओरडून दाखवलं होतं, आणि आलेखात डिस्कचा प्रतिसाद लांबल्याची उसळी लगेच उमटली. आपल्या स्टेजवर तर १८ इंची बेस तासन्‌तास घुमत असतो. हार्डडिस्क घरी, बॅकअपला.

फाइलीचीही एक अडचण आहे. साध्या वेव्ह फाइलीची कमाल मर्यादा ४ जीबी. ३२ चॅनेल एकाच फाइलीत घेतले तर साधारण साडेपंधरा मिनिटांत ती भरते. आरएफ६४ (वेव्हचाच मोठ्या फाइलींसाठीचा प्रकार) निवडा किंवा प्रत्येक चॅनेलची वेगळी फाइल करा. डिस्क फॅट३२ नसावी, तिलाही हीच मर्यादा आहे. विंडोजवर एनटीएफएस बरी, कारण जनरेटरवर जाताना लाइट गेली तर एक्सफॅटपेक्षा ती सावरण्याची शक्यता जास्त. आणि यूपीएस मिक्सरला आहे म्हणून कॉम्प्युटरला नाही, असं करू नका.

टाइप-सी दिसलं म्हणजे थंडरबोल्ट

थंडरबोल्ट ३ (वेगवान जोडणीची एक पद्धत) आणि साधं यूएसबी-सी यांचं तोंड एकच आहे. शेजारी विजेची खूण नसेल तर थंडरबोल्ट इंटरफेस (बाहेरून जोडायचं साउंड कार्ड) तिथे चालेलच असं नाही. वरून थंडरबोल्ट कार्ड टाकू म्हणाल, तर बोर्डावर त्यासाठी खास पिना लागतात. त्या आहेत का हे आधी बघा.

यूएसबी इंटरफेस असेल तर तो मागच्या पोर्टात थेट लावा, हबमध्ये नाही. पोर्ट कमी पडत असतील तर यूएसबीचं वेगळं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड घेऊन ऑडिओ एकट्या त्या कार्डावर ठेवा, माउस-पेनड्राइव्ह बोर्डावर. चार पोर्टचं स्वस्त कार्ड म्हणजे बहुधा एकच कंट्रोलर चौघांत वाटलेला, त्यामुळे डिस्क आणि इंटरफेस दोन्ही त्याच कार्डावर नकोत. आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते: यूएसबी ३ च्या डिस्क आणि केबल २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सोडतात. त्याच पट्ट्यात चालणाऱ्या कॉर्डलेस माइकचा रिसीव्हर किंवा वायरलेस माउसचा डोंगल शेजारी असेल तर आवाज तुटतो आणि दोष माइकवर जातो. रिसीव्हर दोन हात लांब ठेवा.

डान्टे (नेटवर्कवरून आवाज नेणारी पद्धत) वापरत असाल तर वायफायवर विसंबू नका, केबलच हवी. स्विच गिगाबिट असावा आणि त्यातलं वीज वाचवणारं ग्रीन इथरनेट बंद असावं.

कार्ड बदलून बदलून दमणं, पण मोजून न बघणं

आवाज टकटकतोय म्हणून लोक आधी कार्ड बदलतात. त्याआधी लेटन्सीमॉन हे सॉफ्टवेअर पंधरा मिनिटं चालू ठेवा. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून ठेवतोय ते ते नावानिशी दाखवतं. माझ्या अनुभवात बहुतेकदा वायफाय किंवा ग्राफिक्स निघतं. वायफाय डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करा. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, पीसीआय एक्स्प्रेसचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बंद. विंडोजचे अपडेट दसरा होईपर्यंत थांबवून ठेवा.

मग खरी परीक्षा: सगळे चॅनेल रेकॉर्डला, ट्रॅक वाजतायत, ठरलेला बफर, आणि सलग तीन तास. दुपारी, पंखा बंद करून. दहा मिनिटांची चाचणी काही सांगत नाही, कारण तेवढ्यात एसएसडीचा कॅशेही भरत नाही आणि मशीनही तापत नाही. ही परीक्षा घटस्थापनेच्या निदान आठ दिवस आधी घ्या, म्हणजे काही निघालं तर दुसरा बोर्ड मागवायला वेळ राहतो.

टेम्पोतून नेताना कार्डाचा स्क्रू घट्ट आहे ना, तेवढं बघा. नवलखीच्या मैदानात शिरताना एकच दणका बसला आणि कार्ड एका बाजूनं उचललं गेलं, असं आमच्याबाबतीत झालंय. त्या दिवसापासून कॅबिनेटच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला आहे: वरचा स्लॉट मॅडी, पहिला एम.२ विंडोज, साटा १ रेकॉर्डिंग, साटा २ ट्रॅक. आणि खाली लाल पेनानं, दुसरा एम.२ रिकामाच ठेवायचा.