ग्रीन क्लायमेट फंडाचा प्रस्ताव: आधी हवामानाचा वाटा वेगळा काढा

ग्रीन क्लायमेट फंड हा हवामानबदलाला तोंड देण्यासाठी विकसनशील देशांना पैसा देणारा आंतरराष्ट्रीय निधी. पण पूल, बांध, पाणीपुरवठा ही कामे अशा देशाला तशीही हवीच असतात. त्यामुळे ‘यात हवामानबदल कुठे आहे?’ या पहिल्याच प्रश्नावर प्रस्ताव अडतो. सुरुवात म्हणून किमान ३० वर्षांच्या पाऊस, तापमान आणि नदीपातळीच्या नोंदी मिळवा. दहा वर्षांच्या आकड्यांत नेहमीचा चढउतारही बदल वाटू शकतो. पुढचा अंदाज एकाच हवामान-प्रारूपावरून (संगणकी मॉडेलवरून) मांडू नका. एक पाऊस वाढेल म्हणते, दुसरे घटेल. दोन्ही टोके दाखवा आणि आराखडा दोन्हींत टिकेल असा करा.

मग खर्च फोडा. समजा, नेहमीच्या निकषांनी पूल १० लाख डॉलरचा होतो. वाढत्या पुरासाठी उंची वाढवून गाळे रुंद केले की १३ लाख. वरचे ३ लाख हा हवामानाचा वाटा, अनुदान त्यासाठी मागा. १० लाख सहवित्त, म्हणजे इतरांकडून येणारा पैसा, म्हणून दाखवा, पण कोण देणार त्याचे सहीचे पत्र जोडूनच. हवामान बदलले नसते तर जे काम करावेच लागले नसते, त्याचा पूर्ण खर्च मागता येतो. ही फोड अभियंत्यानेच करावी, प्रस्ताव लिहिणाऱ्याने अंदाजाने नव्हे.

फंडाकडे प्रस्ताव फंडानेच मान्यता दिलेल्या संस्थेमार्फत जातो आणि त्याला देशाने नेमलेल्या प्राधिकरणाचे ना-हरकत पत्र लागते. संस्थेची मान्यता किती रकमेपर्यंत आणि किती जोखमीपर्यंत आहे ते आधी तपासा. १ कोटी डॉलरपर्यंतच मान्यता असलेली संस्था ४ कोटींचा प्रकल्प नेऊ शकत नाही, आणि हे उशिरा कळले तर महिने वाया जातात. फंडाकडून २.५ कोटी डॉलरपर्यंतच रक्कम हवी असेल आणि पर्यावरणीय-सामाजिक जोखीम नगण्य असेल, तर सुलभ मंजुरीचा मार्ग घ्या. विस्थापन असेल तर तो विसरा. तांत्रिक अभ्यासासाठी पूर्वतयारीचा निधीही मागता येतो.

कर्ज की अनुदान? खारफुटी किंवा पूर्वसूचना यंत्रणा पैसा परत देत नाही; तिथे कर्ज घेणे म्हणजे आधीच सोसणाऱ्या लोकांवर आणखी बोजा टाकणे. सौरऊर्जेसारख्या कमाई देणाऱ्या हरित कामांना कर्ज चालते. फंडाचे सर्वांत सवलतीचे कर्ज ४० वर्षांचे, पहिली १० वर्षे मुद्दल नाही, व्याज शून्य, सेवाशुल्क ०.२५ टक्के. मात्र परतफेड परकीय चलनात आणि वीजबिलाची वसुली स्थानिक चलनात. म्हणून स्थानिक चलन एक तृतीयांशाने घसरले तर हप्ता कुठून भरणार, हे गणित अर्थखात्याला करून दाखवा.

देखभालीचा खर्च शेवटच्या पानावर ढकलू नका. प्रकल्प संपतो, मग पर्जन्यमापकाची बॅटरी कोण बदलणार? वार्षिक रक्कम, जबाबदार खाते आणि अंदाजपत्रकातले लेखाशीर्ष, तिन्ही प्रस्तावातच लिहून घ्या.